जीव नकोसा झालाय का, हे आपल्या मुलाला कसं विचारावं

वेळ नसेल तर आधी एवढंच वाचा. मुलाने किंवा मुलीने काही घेतलं आहे, स्वतःला मोठी जखम केली आहे किंवा 'आता संपवतोच' असं म्हणत आहे, तर १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवा. ती यायला उशीर होणार असेल तर मिळेल त्या गाडीने जवळच्या रुग्णालयात पोहोचा. ११२ वरही मदत मिळते. तोवर मुलाला एक मिनिटही एकटं सोडू नका, मोरीचं दारही आतून लावू देऊ नका. जे घेतलं असेल त्याची बाटली किंवा पाकीट सोबत न्या. मिठाचं पाणी पाजून उलटी करायला लावू नका. 'आता बरा दिसतोय' म्हणून घरी थांबूही नका, कारण काही गोष्टींचा परिणाम एकदोन दिवसांनी दिसतो आणि तेव्हा फार उशीर झालेला असतो.

अशा वेळी घरात कुणीतरी हमखास म्हणतं, 'पोलिस केस होईल.' त्याचं उत्तर आधीच माहीत असलेलं बरं. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मधलं कलम ११५ सांगतं की आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच धरायचं आणि तिला शिक्षा करायची नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर जुन्या भारतीय दंड संहितेतलं कलम ३०९ ठेवलेलंच नाही. रुग्णालय नोंद करेल, पोलिस जबाब घेतील, तेवढं होतं. पोलिसांचे कागद झाल्याशिवाय तातडीचे उपचार अडवता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच स्पष्ट केलं आहे. म्हणून डॉक्टरांना 'चुकून घेतलं' किंवा 'पाय घसरून पडली' असं सांगू नका. पुढचे उपचार तुमच्या खऱ्या उत्तरावर ठरतात.

आता ज्यांच्या घरी अजून असं काही घडलेलं नाही, पण मनात पाल चुकचुकते आहे, त्यांच्यासाठी.

खात्री होण्याची वाट पाहू नका

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकड्यांनुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांचा मृत्यू आत्महत्येने झाला आणि राज्यांमध्ये सर्वाधिक संख्या महाराष्ट्राची होती. आकडा घाबरवण्यासाठी सांगत नाही. 'आपल्या घरात असलं काही नाही' हे वाक्य पालकांना किती दिवस गप्प ठेवतं, ते लक्षात यावं म्हणून सांगतो आहे. बहुतेक आईवडील मुलाला नैराश्य आहे की नाही याचा निर्णय मनातल्या मनात लावत बसतात आणि तो लागला की बोलू, असं ठरवतात. तो निर्णय लावणं हे तुमचं काम नाही, डॉक्टरांचं आहे. तुमची कामं तीन: सरळ विचारायचं, घरातल्या घातक वस्तू हाताशी राहू द्यायच्या नाहीत आणि मुलाला घेऊन मदतीपर्यंत जायचं. शंका एवढंच कारण त्यासाठी पुरतं.

काय पाहायचं

चौदा-पंधराव्या वर्षी दार आपटणं, उलट बोलणं, खोलीत कोंडून घेणं हे सगळं होतंच. म्हणून शेजारच्या मुलाशी तुलना करण्यापेक्षा तुमच्याच मुलाची सहा महिन्यांपूर्वीशी तुलना करा. जो क्रिकेटसाठी जेवण सोडायचा त्याने बॅटला हात लावलेला नाही, जी मैत्रिणीशी तासन् तास बोलायची ती फोन उचलत नाही, झोप पार उडाली आहे किंवा दिवसभर नुसती झोपच आहे, आणि हे दोन आठवड्यांहून जास्त चाललं आहे, तर ते 'वय' म्हणून सोडून देऊ नका. आपल्याकडे मनाचं दुखणं पुष्कळदा शरीरातून बाहेर पडतं. रोज सकाळी पोटात दुखतं, डोकं दुखतं, तपासण्या मात्र सगळ्या बरोबर येतात. मुलांमध्ये उदासी अनेकदा चिडचिडीच्या, भांडणाच्या, दारूच्या किंवा गाडी बेफाम चालवण्याच्या रूपात दिसते, त्यामुळे ती ओळखूच येत नाही आणि वाट्याला फक्त ओरडा येतो.

बोलण्याकडे कान द्या. 'मी नसतो तर तुमचं बरं झालं असतं.' 'आता थोडेच दिवस त्रास देणार तुम्हाला.' 'काही अर्थच नाही कशाला.' हे चेष्टेत म्हटलं तरी ऐकलंच नाही असं करू नका. आवडीच्या वस्तू वाटून टाकणं, आडून आडून निरोप घेतल्यासारखं बोलणं, मोबाइलवर मरणाविषयी शोधणं ही आणखी गंभीर लक्षणं. आणखी एक लक्षण पालकांना नेमकं उलटं वाटतं. बरेच दिवस अस्वस्थ असलेलं मूल एकाएकी शांत, मोकळं झालं की घरातले सुटकेचा श्वास टाकतात. ते बरं झालेलं असू शकतं. पण त्याने मनाशी काही ठरवून टाकलेलं असण्याचीही शक्यता असते. त्याही दिवशी विचारा.

काही प्रसंगांनंतर लक्षणं दिसण्याची वाट न पाहता जवळ राहावं. मे-जूनचे निकालाचे दिवस, प्रेमसंबंध तुटणं, वर्गासमोर झालेला अपमान, फोटो पसरवण्याची धमकी, लैंगिक अत्याचार, किंवा मित्रमैत्रिणींपैकी कुणाचा आत्महत्येने झालेला मृत्यू. ज्या मुलाने आधी एकदा प्रयत्न केला आहे त्याचा धोका सर्वांत जास्त असतो. 'एकदा झालं, आता अक्कल आली' हा समज साफ चुकीचा आहे.

स्वतःला इजा करणं

भर उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचे कपडे, मनगटावर न उतरणारे बँड, पोहायला किंवा नातेवाइकांसमोर कपडे बदलायला अचानक नकार, 'मांजराने ओरबाडलं' अशी पुन्हा पुन्हा येणारी कारणं, कचऱ्यात रक्ताचे डाग असलेले कागद. हे दिसलं की पालकांच्या मनात दोनच गोष्टी येतात: एक तर 'ही मरायला निघाली' किंवा 'नाटकं करतेय, लक्ष वेधून घेतेय.' बहुतेक वेळा दोन्ही खरं नसतं. बरीच मुलं सांगतात की आत साचलेलं असह्य झालं की असं केल्याने घटकाभर हलकं वाटतं, किंवा मन पार बधिर झालेलं असतं तेव्हा काहीतरी जाणवतं. त्यात मरण्याची इच्छा असेलच असं नाही. आणि जे ती महिनोन् महिने लपवते, त्याला लक्ष वेधणं कसं म्हणायचं? तरीही ही सवय पुढे आत्महत्येचा धोका वाढवते, म्हणून 'फक्त ओरखडे आहेत' म्हणून सोडायचं नाही.

जखम दिसली तर आधी जखमेचं बघा. धुवा, स्वच्छ कापडाने दाबा, खोल असेल किंवा रक्त थांबत नसेल तर दवाखाना, तिथेच धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारा. हात ओढून 'दाखव, दाखव' करू नका आणि घरातल्या सगळ्यांना गोळा करू नका. 'माझी शपथ घे, परत करणार नाहीस' असंही नको. शपथ मोडते, मग मूल जखमा अशा जागी करतं जिथे तुम्हाला दिसणार नाहीत. त्याऐवजी, 'पुढच्या वेळी असं वाटलं तर करण्याआधी मला उठव, रात्रीचे दोन वाजले तरी,' एवढं मागा.

विचारायचं कसं

पालक इथेच अडतात, म्हणून इथे जरा थांबू या.

पहिली भीती असते की विचारल्याने नसलेला विचार डोक्यात जाईल. किशोरवयीन मुलांवर झालेल्या अभ्यासांत तसं आढळलेलं नाही. उलट आधीच त्रासात असलेल्या मुलांना विचारल्यावर थोडं हलकं वाटल्याचं दिसलं आहे. दुसरी अडचण आपल्या तोंडाची आहे. मरणाचं नाव घरात काढायचं नाही, लगेच 'शुभ बोल रे नाऱ्या'. त्यामुळे आपण 'तुझं काही बरंवाईट तर नाही ना मनात' असं गुळमुळीत विचारतो, मूल 'नाही' म्हणतं आणि दोघंही सुटतात.

जागा साधी निवडा. समोरासमोर बसवून चौकशी केल्यासारखं नको. जेवणानंतर चालताना, भाजी निवडताना, रात्री दिवा मालवल्यावर, डोळ्याला डोळा भिडत नाही अशा वेळी मुलं जास्त बोलतात. धाकटी भावंडं, आजी-आजोबा ऐकत नाहीत ना ते बघा. दोघांपैकी ज्याच्याशी मुलाचं जमतं त्याने बोलावं, आणि दोघांशीही जमत नसेल तर ज्या मावशीला किंवा काकांना ते मनातलं सांगतं त्यांना बोलवा. यात आईवडिलांनी कमीपणा मानू नये.

सुरुवात तुम्ही पाहिलेल्या गोष्टीने करा. 'महिनाभर बघतेय, तू जेवत नाहीस नीट, क्लासला जायचं म्हटलं की डोळे भरतात. मला काळजी वाटतेय. काय होतंय?' आणि मग गप्प बसा. त्या शांततेत उपदेश घुसवण्याचा मोह होतोच, तो आवरा. थोडं बोलणं झालं की पुढचा प्रश्न, अगदी सरळ शब्दांत:

'इतकं सहन होत नाही तेव्हा आपण मेलो तर बरं, असं वाटतं का तुला?'

हो म्हटलं तर: 'आत्महत्या करावी असा विचार येतो का?'

त्यालाही हो असेल तर: 'कशी, कधी, असं काही ठरवलं आहेस का? त्यासाठी काही आणून ठेवलं आहेस का? याआधी कधी प्रयत्न केला होतास?'

नुसता मरावंसं वाटण्याचा विचार असेल तर येत्या एकदोन दिवसांत मदत गाठायची. कसं आणि कधी हे ठरलेलं असेल, साधन जवळ असेल किंवा नुकताच प्रयत्न झालेला असेल, तर आजच, आत्ताच, रुग्णालयात. मध्ये रात्र जाऊ द्यायची नाही. मात्र 'नुसता विचार' आणि 'ठरवलेलं' यांतली रेघ नेहमीच स्पष्ट दिसत नाही. शंका असेल तेव्हा जास्त धोका आहे असं धरून चाला.

'हो' ऐकल्यावर पायाखालची जमीन सरकते. रडू आलं तर येऊ द्या, फक्त मुलाला तुम्हाला सावरत बसावं लागेल इतकं नको. पहिलं वाक्य पाठच करून ठेवा: 'सांगितलंस ते फार बरं झालं. मी रागावलेलो नाही. आता हे तुझ्या एकट्याचं नाही.' मग पुढचं सगळं. 'आम्ही तुझ्यासाठी किती खस्ता खाल्ल्या', 'लोक काय म्हणतील', 'आमच्या वेळी असली थेरं नव्हती', 'इतक्याशा गोष्टीसाठी?' ही वाक्यं गिळून टाका. त्या इतक्याशा गोष्टीखाली काय दडलेलं आहे ते तुम्हाला अजून कळायचं आहे. मुलगा मुलग्यावरच्या किंवा मुलगी मुलीवरच्या प्रेमाबद्दल, आपण वेगळे आहोत याबद्दल सांगू पाहत असेल तर तिथे पहिल्या पाच मिनिटांत तुम्ही कसा चेहरा करता यावर पुढचं बरंच अवलंबून असतं.

'कुणाला सांगू नकोस' असं मूल म्हणेल. ते वचन देऊ नका. 'गावभर करणार नाही, पण तुझा जीव वाचवायला ज्यांना सांगावं लागेल त्यांना सांगणार, आणि कुणाला ते तुला आधी विचारून' असं म्हणता येतं.

घर आवरा, आजच

टोकाची तीव्र लहर बहुधा थोड्या वेळाची असते, काही मिनिटांची किंवा काही तासांची. त्या वेळात घातक वस्तू हाताशी नसली तर जीव वाचतो. श्रीलंकेचं उदाहरण यासाठी सांगण्यासारखं आहे. तिथे १९९५ च्या सुमारास आत्महत्येचं प्रमाण जगातल्या सर्वाधिक प्रमाणांपैकी होतं. अत्यंत विषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आणल्यावर ते पुढच्या वीस वर्षांत सुमारे ७० टक्क्यांनी उतरलं. लोकांची दुःखं संपली नव्हती, फक्त ती वस्तू हाताशी राहिली नाही.

शेतकरी घरात म्हणून पहिलं काम: फवारणीचं औषध घरात किंवा गोठ्यात ठेवायचं नाही. लागेल तेवढंच आणा, उरलेलं कुलपात किंवा घराबाहेर विश्वासाच्या माणसाकडे. शहरात आजी-आजोबांच्या गोळ्या बघा. रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या, झोपेच्या गोळ्यांचे महिन्याचे डबे उघड्या फडताळात असतात. आठवड्यापुरत्याच बाहेर, बाकी कुलपात. मुलाच्या स्वतःच्या गोळ्याही मोठ्या माणसाने हातात द्यायच्या. फिनेल, ॲसिड, धारदार वस्तू, गच्चीची किल्ली यांचाही विचार करा. किल्ली खिळ्यावर टांगली तर कुलपाला अर्थ नाही, ती अंगावर ठेवा.

हे मुलापासून लपवून करायची गरज नाही. 'तुझ्यावर अविश्वास नाही, वाईट वेळ आली तर घर आपल्या बाजूने असावं म्हणून' असं सांगितलं की बहुतेक मुलं ऐकतात. कित्येकांना सुटल्यासारखंही वाटतं.

कुणाकडे जायचं

फोनपासून सुरुवात करायची असेल तर सरकारची टेलि-मानस सेवा, १४४१६. ती ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, चोवीस तास, मोफत, मराठीतही. मूल बोलायला तयार नसेल तर तुम्ही स्वतः फोन करून 'मुलाबद्दल विचारायचंय' म्हणा. अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी १०९८ आहे, विशेषतः घरात किंवा शाळेत मारहाण, अत्याचार असेल तेव्हा. परदेशातल्या मराठी पालकांसाठी: अमेरिका आणि कॅनडात ९८८, ब्रिटनमध्ये समॅरिटन्स ११६ १२३, ऑस्ट्रेलियात लाइफलाइन १३ ११ १४.

प्रत्यक्ष भेटीसाठी जिल्हा रुग्णालयात किंवा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार विभाग असतो, केसपेपर काढून दाखवता येतं. पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, गोव्यात बांबोळीची मानसोपचार संस्था आहे. पण पहिल्यांदा तिथेच जावं लागतं असं नाही. जिथे लवकर भेट मिळेल ते ठिकाण चांगलं. मानसोपचारतज्ज्ञ औषधं देऊ शकतात, मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक बोलून उपचार करतात. जीवाला धोका असेल तर सुरुवात मानसोपचारतज्ज्ञांपासून करा. तालुक्याला ते नसतील तर तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना खरं सांगून चिठ्ठी घ्या. आरोग्य विमा असेल तर तोही विचारा. मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच विमासंरक्षण द्यायचं बंधन याच २०१७ च्या कायद्याने घातलं आहे.

डॉक्टर मुलाशी एकटं बोलतो म्हणाले तर आनंदाने बाहेर बसा. आत काय बोलणं झालं ते घरी येऊन खोदून विचारू नका, जिवाशी संबंधित असेल ते डॉक्टर तुम्हाला सांगतात. औषध सुरू झाल्यावर किंवा मात्रा बदलल्यावर पहिले काही आठवडे जास्त बारीक लक्ष ठेवा. काही किशोरवयीन मुलांमध्ये त्या काळात अस्वस्थता किंवा आत्महत्येचे विचार वाढू शकतात. तसं वाटलं तर लगेच कळवा, पण औषध आपल्या मनाने बंद करू नका.

देवाधर्माचं म्हणाल, तर कुलदैवताला जाऊन यायला कुणाची हरकत नाही. देवरुषाकडे 'बाहेरचं' काढायला मात्र नेऊ नका, आणि देवदर्शनासाठी डॉक्टरांची तारीख पुढे ढकलू नका.

एका कागदावरची योजना

बार्बरा स्टॅन्ली आणि ग्रेगरी ब्राऊन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी मांडलेली सुरक्षा योजना जगभर वापरली जाते. समुपदेशकासोबत करता आली तर उत्तम, तोवर घरीही मांडता येते. मुलाने स्वतःच्या शब्दांत, स्वतःच्या अक्षरात लिहायचं: वाईट वाटायला लागलं हे मला कशावरून कळतं, तेव्हा मी एकटा काय करू शकतो, कुणाकडे गेल्यावर, कुठे बसल्यावर मन दुसरीकडे जातं, कुणाला मदत मागू शकतो, कोणते डॉक्टर, कोणते फोन, घर सुरक्षित ठेवायला काय केलं आहे. 'प्राणायाम करीन' असं तुम्हाला बरं वाटावं म्हणून लिहिलेलं उपयोगाचं नाही. 'टॉमीला घेऊन पारापर्यंत जाईन' हे उपयोगाचं आहे. कागदाचा फोटो मुलाच्या मोबाइलमध्ये आणि तुमच्याही.

मोबाइलवरून आठवलं. घाबरून फोन काढून घेणं ही बहुतेक घरांतली पहिली कृती असते. त्यातच मुलाचे मित्र असतात, हेल्पलाइन असते. कुणी छळत असेल, धमकावत असेल तर पुरावाही त्यातच असतो. रात्री फोन बाहेरच्या खोलीत, एवढा नियम पुरे.

शाळा आणि नंतरचे आठवडे

शाळेत वर्गशिक्षक आणि समुपदेशक एवढ्यांनाच सांगा, स्टाफरूमभर नको. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांत समुपदेशक किंवा मानसशास्त्रज्ञ असायला हवा, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये सांगितलं आहे. खासगी क्लासेसनाही ते निर्देश लागू आहेत, तेव्हा मागणी करायला संकोचू नका. परीक्षेचं वर्ष असेल तर एक वर्ष थांबलं तरी चालेल हे तुम्ही स्वतः, आवाज न कापता म्हणू शकता का ते तपासा. दहावी-बारावीची पुरवणी परीक्षा असते, पुढचं वर्ष असतं, आणि हे निकालाच्या आधीच बोललेलं बरं. नंतर बोललं तर ते फक्त सांत्वन वाटतं.

रुग्णालयातून घरी आल्यानंतरचे पहिले आठवडे, साधारण तीन महिन्यांपर्यंत, फार जपण्याचे. नेमकं तेव्हाच पाहुणे येतात, कौतुकाने चौकशा होतात आणि घरातले थकलेले असतात. पाहुण्यांना 'बरं नव्हतं, आता आराम चालू आहे' एवढंच सांगा. डॉक्टरांची पुढची तारीख मुलाला बरं वाटत असलं तरी चुकवू नका. आठवड्यातून एकदा तोच सरळ प्रश्न पुन्हा विचारा, म्हणजे तो घरात अवघड राहत नाही. धाकट्या भावंडांना त्यांच्या वयाला झेपेल एवढं खरं सांगा, नाहीतर ती स्वतःलाच दोष देत राहतात. तुम्हालाही झोप येत नसेल तर तेही डॉक्टरांना सांगा.

आणि मूल दवाखान्यात यायलाच तयार नसेल, तर? लगेचचा धोका असेल तेव्हा परवानगी मागत बसायचं नाही, न्यायचंच. तसा नसेल तर पहिल्या भेटीला आईवडिलांनी एकटं जावं. डॉक्टर तुमच्याकडून सगळं ऐकून घरी कसं वागायचं ते सांगतात. मग मुलाला म्हणा, 'आम्ही जाऊन आलो. आम्हालाही शिकायचं होतं. पुढच्या गुरुवारी पुन्हा जातोय, तू फक्त दहा मिनिटं ये, पटलं नाही तर बाहेर बसून राहा.' बरीच मुलं तिसऱ्या-चौथ्या गुरुवारी तरी गाडीत बसतात.